साडेआठची गाडी

(दृश्य : सातारा एसटी स्टँड. सकाळ.)

मेढ्याची गाडी फलाटाला लागली, की पाठीवर सॅक आणि हातात डब्याची पिशवी घेतलेली मुलं-मुली भराभर उतरतात. यातल्या काही जणी माझ्या कॉलेजच्या. पहिला तास दहाला. तोवर त्या आवारातल्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसून राहायच्या. मी या कॉलेजची ग्रंथपाल. रोज त्यांच्यासमोरून जायचे, पण त्या तिथं का बसतात, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलाच नाही.

(दृश्य : पुस्तकाचं मागचं पान, अगदी जवळून.)

ही डेट स्लिप. अर्थशास्त्राच्या पुस्तकाची आहे. जांभळ्या शाईचे शिक्के बघा, एकाखाली एक, दाटीवाटीनं. आठवडा संपला की पुस्तक परत, लगेच पुढच्या हातात. आणि इथं, या तारखेला, शिक्के एकदम थांबतात. अभ्यासक्रम बदलला. पुस्तक धडधाकट आहे, पानं शाबूत आहेत, पण त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही.

शेजारच्या या पुस्तकाची स्लिप तर कोरीच आहे. दाखल नोंदवहीत नंबर पडला, शिक्का बसला, कपाटात गेलं, ते तिथंच.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ग्रंथालयानं १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांचा माग काढला होता. पहिल्या सहा वर्षांत त्यातली जवळजवळ ४० टक्के पुस्तकं एकदाही वाचकाच्या घरी गेली नव्हती. १९७९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यावर मोठा वाद झाला. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या हातात मुख्य साधन होतं ते देवघेवीच्या नोंदींचं. त्या नोंदी आपल्याकडंही आहेत. साताऱ्यात, कराडात, वाईत, जिथं म्हणून कॉलेज आहे तिथं आहेत. आपण त्या वार्षिक अहवालापुरत्या मोजतो आणि मिटून ठेवतो.

(दृश्य : ग्रंथालयाचा देवघेव काउंटर. दुपारची गर्दी.)

आम्ही ग्रंथपाल दिवसभर दुसऱ्यांच्या संशोधनामागं उभे असतो. कुणाला शोधगंगेवरचा, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातला प्रबंध काढून द्यायचा, कुणाच्या निबंधातली उचलेगिरी तपासायची, कुणाला ई-जर्नलचा पासवर्ड चालत नाही. आपलं स्वतःचं संशोधन म्हटलं की पदोन्नतीची फाईल आठवते. मीही त्या फाईलसाठी एकदा निबंध लिहिला. एका नियतकालिकाला पैसे भरले आणि चार दिवसांत तो छापून आला. कुणी एक प्रश्न विचारला नाही, एक वाक्य खोडलं नाही. त्या निबंधात माझ्या ग्रंथालयातला एकही वाचक नव्हता. तो अंक माझ्या कपाटात आहे. कुणाला दाखवावासा वाटत नाही.

प्राध्यापकांना विभाग असतो. चहाला बसलं तरी विषयावर बोलणारं कुणीतरी भेटतं. बहुतेक कॉलेजांत ग्रंथपाल मात्र एकटाच. शंका आली तरी विचारायची कुणाला?

म्हणून आम्ही जिल्ह्यातल्या पाच-सहा जणांनी महिन्यातला एक शनिवार धरला. ना बॅनर, ना प्रमाणपत्र. येताना आपल्या ग्रंथालयातली एखादी नोंद आणायची, एवढीच अट. वाचकांची नावं मात्र आधी काढून टाकायची. कुणी काय वाचलं, हे त्याचं त्याच्यापाशी राहिलं पाहिजे.

(दृश्य : टेबलावर उघडी दोनशे पानी वही.)

ही वही कराडच्या आमच्या एका तरुण सहकाऱ्याची. वर लिहिलंय, ‘मागितलं, मिळालं नाही’. भूगोलाच्या एका मुलीनं विचारलं होतं, “सर, कोयनेच्या भूकंपावर मराठीत काही आहे का?” ११ डिसेंबर १९६७ चा तो भूकंप आमच्याच जिल्ह्यातला. घरोघरी अजून त्याच्या आठवणी निघतात. सरांनी संगणकावर शोधलं, काही आलं नाही. पुढं स्टॉक तपासताना पुस्तक सापडलं. कपाटातच होतं! मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत टाकलेली. ‘भू’साठी एकानं ‘यू’ वापरला, दुसऱ्यानं दोन ‘ओ’. शोधणारा एक लिहितो, नोंद दुसरीच असते, आणि मुलगी रिकाम्या हातानं परत जाते.

त्या शनिवारी आम्ही चहा विसरलो. प्रत्येकाच्या यादीत अशी किती पुस्तकं हरवली असतील? ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला, तिथल्या आमच्या मैत्रिणीनं हे काम अंगावर घेतलं. आता ती एकेका शब्दाची रोमन रूपं गोळा करते आहे आणि प्रत्येक रूपानं शोधल्यावर किती पुस्तकं निघतात, ते मांडते आहे. हा निबंध छापून यायला चार दिवस पुरणार नाहीत.

(दृश्य : संगणकावर तासावार देवघेव.)

माझी नोंद तासांची होती. साडेचारनंतर काउंटर ओस. मी म्हटलं, मुलं वाचत नाहीत. वाईची मैत्रीण म्हणाली, “अगं, त्यांना विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. सोमवारी सकाळी कट्ट्यावर जाऊन बसले. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, संध्याकाळची गाडी चुकली तर घरी पोचायला रात्र होते. सकाळी आम्ही लवकर येतो, पण लायब्ररीला कुलूप असतं.”

शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. ग्रंथालय कुठं असावं, किती वेळ उघडं असावं, हा विचार त्यांनी याच सूत्राखाली केला. परीक्षेत या प्रश्नाचे मला पैकीच्या पैकी मार्क होते.

महिनाभर रोज सकाळी कट्ट्यावरची मुलं मोजली, कुठल्या गाडीनं आली ते लिहिलं आणि कागद घेऊन प्राचार्यांकडं गेले. म्हटलं, “सर, मुलं साडेआठला येतात. आपण साडेदहाला उघडतो.” त्यांनी कागद दोनदा वाचला. शिपाईमामांची पाळी बदलून दिली.

(दृश्य : ग्रंथालयाचं दार. कुलूप निघतं.)

आता सकाळची वही वेगळी ठेवली आहे. पहिल्या काही दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी येणाऱ्या मुली क्रमिक पुस्तकं फारशी मागतच नाहीत. आधी वर्तमानपत्रं, मग स्पर्धा परीक्षेची मासिकं, आणि दोघी-तिघी नुसत्या कादंबऱ्या. का, ते अजून विचारायचंय. पुढच्या शनिवारी ही वही घेऊन मी कराडला निघाले आहे.