मातीनं धरलेला कोबाल्ट सुटतो कसा?

नमस्कार मंडळी. हे पाकीट पुण्यातल्या एका कृषी सेवा केंद्रातलं. चिलेटेड झिंक. मागची बाजू बघा, जरा जवळ धरतो: झिंक ईडीटीए, 12 टक्के. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात साधं झिंक सल्फेट टाकलं, तर बरंचसं जस्त मातीतच अडकतं. ईडीटीए नावाचं रसायन त्या जस्ताला चहूबाजूंनी कवटाळतं, म्हणून ते पाण्यात विरघळलेलं राहतं आणि मुळांपर्यंत पोचतं. शेतकऱ्याला हेच हवं असतं.

आता जस्ताच्या जागी कोबाल्ट-60, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्ट, आणा.

अमेरिकेत ओक रिजच्या अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी सांडपाणी जमिनीतल्या चरांमध्ये सोडत. भरवसा मातीवर. तोही अगदीच खोटा नव्हता, कारण चिकणमातीच्या कणांवर ऋण भार आणि कोबाल्टच्या आयनावर धन, त्यामुळे तो चिकटायला हवा. पण यंत्रसामग्री धुवायला वापरलेलं ईडीटीए त्याच सांडपाण्यात होतं. त्यानं कोबाल्टला कवटाळलं की दोघांचा मिळून भार ऋण होतो. मग ऋण भाराची माती त्याला कशी धरणार? कोबाल्ट भूजलाबरोबर निघाला. 1978 मध्ये संशोधकांनी हे कारण मांडलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, जेमतेम सव्वापाच वर्षं. मातीनं पन्नासेक वर्षं धरला असता, तरी हजारातला एखादाच भाग उरला असता.

युरेनियमचं थोडक्यात सांगतो. हवा मिसळलेल्या पाण्यात ते कार्बोनेटशी जोडी जमवून वाहतं. ऑक्सिजन नसलेल्या थरात मात्र त्याचं रूप बदलतं आणि ते जवळजवळ विरघळतच नाही.

प्लुटोनियमचं प्रकरण वेगळं. ते तर खनिजांना घट्ट चिकटतं. तरीही नेवाडात 1968 च्या भूमिगत अणुचाचणीतलं प्लुटोनियम 1.3 किलोमीटर दूरच्या विहिरीत सापडलं. 1999 मध्ये त्याचा उलगडा छापून आला. ते चिकटलं होतंच, पण पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना. त्यात चिकणमाती होती आणि झिओलाइट. हो, आपल्या वाघोलीच्या दगडखाणीत काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये ज्याचे सुंदर स्फटिक मिळतात, तेच खनिजकूळ.

तेव्हा किरणोत्सारी कचऱ्याच्या जागेचा अहवाल हाती आला, तर 'माती किती धरते' हा आकडा वाचून थांबू नका. तो नुसत्या पाण्यात मोजला, की कचऱ्यातलं ईडीटीए आणि पाण्यातले तरंगते कण धरून मोजला, ते आधी शोधा.