नोरा औनोर : गर्दीतल्या चेहऱ्याची सुपरस्टार

नमस्कार मंडळी. फिलिपिन्सचा सिनेमा म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना एकही नाव आठवत नाही, म्हणून आज एकाच बाईबद्दल बोलणार आहे, नोरा औनोर. जन्म 1953 चा, बिकोल भागातल्या इरिगा गावचा. घरची परिस्थिती अगदी बेताची, लहानपणी ही मुलगी रेल्वे स्टेशनवर पाणी विकायची. गळा मात्र गोड होता, 1967 साली तिने गाण्याची एक मोठी स्पर्धा जिंकली आणि बघता बघता ती सगळ्या देशाची लाडकी झाली.

आता यात विशेष काय, तर तिचा चेहरा. त्या काळी तिथल्या पडद्यावर गोऱ्यापान, युरोपियन वळणाच्या नट्यांचं राज्य होतं. नोरा सावळी, ठेंगणी, बाजारात शेजारी उभी असेल तशी. मोलकरणी, कारखान्यात काम करणाऱ्या पोरी तिच्यासाठी अक्षरशः वेड्या झाल्या, कारण पहिल्यांदाच पडद्यावरची बाई त्यांच्यासारखी दिसत होती. गोऱ्या रंगाचं वेड काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण माझ्या मते तिचं खरं मोठेपण पुढे आहे. गाणी आणि गोड लव्हस्टोऱ्या करत ती आरामात आयुष्य काढू शकली असती. तिने काय केलं, तर स्वतःची निर्मिती संस्था काढली आणि कमावलेला पैसा अवघड गोष्टींमध्ये घातला. 1976 साली मारियो ओ'हाराचा जपानी आक्रमणाच्या काळातला सिनेमा आला, 'तात्लोंग ताओंग वालांग दियोस', त्यात ती एका शाळामास्तरीणीच्या भूमिकेत आहे. मग 1980 ला लिनो ब्रोकाचा 'बोना'. घरदार सोडून एका फालतू नटाच्या मागे झोपडपट्टीत जाऊन राहिलेली मुलगी, त्याचं सगळं करते, त्याच्या अंघोळीचं पाणीसुद्धा तापवते, आणि शेवटी तेच उकळतं पाणी त्याच्या अंगावर ओतते. विचार करा, जिच्यामागे लाखो चाहते धावतात तीच बाई चाहतीचा रोल करतेय, तोही स्वतःचे पैसे घालून!

1982 चा 'हिमाला' तर बघाच. दिग्दर्शक इश्माएल बर्नाल, लेखक रिकी ली. दुष्काळी गावातली एल्सा म्हणते मला मदर मेरीचं दर्शन झालं, लोक लोटतात, धंदे सुरू होतात, आणि शेवटी हजारोंच्या गर्दीसमोर ती ओरडून सांगते की चमत्कार बिमत्कार काही नाही, चमत्कार माणसाच्या मनात असतो. तेवढ्यात गोळी लागते. पण मला त्या भाषणाच्या आधीची एल्सा जास्त आवडते, ती बोलत नाही, नुसती बघते, आणि नोराच्या डोळ्यांत काय चाललंय हे ठरवता येत नाही, श्रद्धा की भीती. दिग्दर्शक तिच्या डोळ्यांवरच कॅमेरा का लावायचे ते इथे कळतं.

1995 साली सिंगापूरमध्ये फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो मोलकरणीला फाशी झाली, सगळा देश पेटला. त्याच वर्षी तिच्यावर सिनेमा निघाला, फ्लोर झाली नोरा, आणि कैरोच्या महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दुसरं कोण शोभलं असतं?

पुढे 2010 मध्ये एका ऑपरेशननंतर तिचा गाण्याचा आवाज गेला. जिची सुरुवातच गळ्यामुळे झाली तिच्यासाठी हे केवढं मोठं! आणि दोनच वर्षांनी ब्रिलान्ते मेंदोसाचा 'दाय वूम्ब'. त्यात ती समुद्रावर राहणाऱ्या लोकांमधली सुईण आहे, स्वतःला मूल नाही म्हणून नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधायला निघते. संवाद अगदी मोजके. तो सिनेमा व्हेनिसच्या स्पर्धेत होता.

राष्ट्रीय कलावंत हा किताब तिला 2014 लाच मिळायला हवा होता, शिफारस होती तरी राष्ट्राध्यक्षांनी नाव वगळलं, जुन्या अमली पदार्थांच्या केसचं कारण दिलं. मला ते आजही पटत नाही. 2022 ला किताब मिळाला, आणि 16 एप्रिल 2025 ला ती गेली, 71 वर्षांची होती.

'बोना'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रिंट 2024 ला कान महोत्सवात दाखवली. पहिल्यांदाच बघणार असाल तर 'हिमाला'च्याही आधी तो बघा, आणि पाणी तापवण्याच्या प्रत्येक सीनमध्ये तिच्याकडे लक्ष ठेवा.