घरातलंच भूत

श्रोतेहो, नमस्कार.

जेवणं आटोपली असतील. घरात चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असेल, तर त्यालाही रेडिओजवळ बोलवा. आजची गोष्ट त्याच्या वयाची आहे.

१७६४ सालचा जून महिना. लंडनजवळ ट्विकेनहॅमला राहणारा होरेस वॉल्पोल एका सकाळी जागा झाला. स्वप्नातलं त्याला एवढंच आठवत होतं: जुन्या किल्ल्यातला मोठा जिना, आणि जिन्याच्या अगदी वरच्या कठड्यावर टेकलेला, चिलखत घातलेला एक अवाढव्य हात. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला आणि दोन महिन्यांच्या आत कादंबरी हातावेगळी केली. ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’. इंग्रजीतल्या झपाटलेल्या वाड्यांच्या कादंबऱ्या इथून सुरू झाल्या असं मानतात. पुस्तक डिसेंबरात आलं, तेव्हा थॉमस ग्रे या कवीनं केंब्रिजहून वॉल्पोलला कळवलं, की आम्हा सगळ्यांना आता रात्री झोपायला जायची भीती वाटते.

आता गोष्ट ऐका. इटलीतल्या ओट्रान्टोच्या किल्ल्यात लग्नाची गडबड आहे. नवरा मुलगा कॉनराड, वय वर्षं पंधरा, तब्येतीनं किरकोळ. त्याचा वाढदिवसही त्याच दिवशी. आणि ऐन मुहूर्ताला आभाळातून पडल्यासारखं एक काळ्या पिसांचं शिरस्त्राण अंगणात कोसळतं, माणसाच्या शिरस्त्राणाच्या शंभरपट मोठं. पोरगा त्याखाली चिरडून जातो.

बापाला, मॅनफ्रेडला, मुलापेक्षा वारसाची चिंता. बायकोला सोडून तो होणाऱ्या सुनेशीच, इझाबेलाशी, लग्न करायला निघतो. तो तिला अडवतो त्या क्षणी भिंतीवरच्या तसबिरीतला त्याचा आजा सुस्कारा टाकतो. नुसता सुस्काराच नाही, तो चौकटीतून खाली उतरतो. इझाबेला तळघरातल्या भुयारातून पळत सुटते, वाऱ्याच्या झोतानं हातातला दिवा विझतो. हे पान मी कितीदा वाचलंय! अजून तिथं आले की मी मागं वळून बघते.

पण भीतीची खरी जागा मला पुढं सापडली. हा किल्ला मुळात मॅनफ्रेडच्या घराण्याचा नाहीच. त्याच्या आज्यानं आपल्या धन्याला विष घातलं आणि खोटं मृत्युपत्र करून वतन बळकावलं. म्हणजे किल्ल्यातला तो चिलखतवाला, त्या धन्याचं भूत, आगंतुक नव्हे, तोच घरचा मालक. आणि फेडतं कोण? कॉनराड जातो. शेवटी मॅनफ्रेड अंधाऱ्या देवळात इझाबेला समजून सुरा चालवतो, तो स्वतःच्या मुलीला, मटिल्डाला, लागतो. तिचं वय अठरा. आज्यानं केलं, नातवंडांनी भोगलं.

म्हणूनच ही गोष्ट तरुण वाचकाची आहे, असं मी म्हणते. आजही झपाटलेल्या घराच्या बहुतेक कादंबऱ्यांत जिन्यावरची पावलं आधी पोरांना ऐकू येतात. मोठी माणसं म्हणतात, उंदीर असेल.

आपल्याला हे परकं नाही. त्या पुस्तकाला नऊ वर्षंही झाली नव्हती, तेव्हा पुण्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे गारद्यांपासून जीव वाचवत चुलत्याकडे धावले. वय अठरा. वाडा १८२८ साली जळाला, उरली तटबंदी, दरवाजे आणि जोती. तरी लोक म्हणतात, ‘काका, मला वाचवा’ अजून ऐकू येतं. ती हाक शत्रूला नव्हती, सख्ख्या काकाला होती. म्हणून ती विझत नाही, असं मला वाटतं.

राजापूरकडच्या आमच्या मूळ घरात माजघराला लागून बाळंतिणीची खोली होती. अंधारी, हातभर खिडकीची, कायम कडी लावलेली. तिथं लाल आलवणातली बाई दिसते, असं चुलत भावंडं सांगायची. मी आठवीत होते. मे महिन्यात एकदा तांदूळ निवडत बसलेल्या आजीला मी विचारलंच.

आजी म्हणाली, “भूत कसलं मेलं! तुझ्या आजोबांची आत्या ती. नवव्या वर्षी कुंकू पुसलं. उभा जन्म त्या खोलीत काढलीन.” मग थोड्या वेळानं, सुपातून मान वर न काढता, “तिच्या अंगावरचं सोनं मोडून ही कलमं लावली.”

त्या कलमांच्या आंब्यांवर आमच्या घरातल्या सगळ्यांची शिक्षणं झाली. आमच्या कुलवृत्तांतात तिच्या वडिलांचं नाव आहे, भावांची आहेत, बाग कुठल्या साली लावली तेही आहे. ती मात्र कुठंच नाही.

दुपारी सगळे झोपल्यावर मी कडी काढून आत गेले. आत काहीच नव्हतं. भिंतीला एक खुंटी होती. आणि खुंटीखाली, जमिनीपासून दोन हातांवर, भिंतीवर एक तेलकट गोल डाग. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथं डोकं टेकून बसल्याचा.