हमिंग कुठून येतंय?

[दृश्य: टेबलावर झाकण काढलेला पत्र्याचा डबा. मागे दोन स्पीकर.]

हा डबा पूर्वी डीव्हीडी प्लेअरचा होता. भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळाला. आता त्यात ॲम्प्लिफायर बसतोय. इनपुट निवडायचा स्विच, व्हॉल्यूम आणि दोन चॅनेलची पॉवर, सगळं एकाच डब्यात, म्हणून इंटिग्रेटेड.

चालू केलाय, सोर्स अजून जोडलेला नाही. तरी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतोय. याला कारागीर म्हणतात, ‘हमिंग मारतोय.’ त्याच्याकडे येऊच. आधी आत काय आहे ते बघू.

पैसे वाचवायचे तर काय लागणारच नाही, हे पहिल्यांदा ठरवावं लागतं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट यायचे, म्हणून तेव्हा प्रीॲम्प, म्हणजे बारीक सिग्नल आधी मोठा करणारं सर्किट, हवाच असायचा. सीडी प्लेअर पूर्ण जोरात २ व्होल्ट देतो. आपली पॉवर चिप सिग्नल २१ पटीने वाढवते, त्यामुळे अर्धा व्होल्ट मिळाला तरी ती पुरेपूर वाजते, आणि बहुतेक मोबाईल तेवढा देतात. मग मध्ये प्रीॲम्प कशाला? थेट १० किलोओहमचा दुहेरी लॉग पॉट, म्हणजे दोन्ही चॅनेलचं एकच व्हॉल्यूमचं बटण, लावला. बास-ट्रेबलची हौस असेल त्याने पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज अभियंत्याचं १९५२ सालचं टोन सर्किट जरूर जोडावं, ते अजूनही तितकंच कामाचं आहे. मी या डब्यात ते घेतलं नाही.

[जवळून: अंगठ्याच्या नखाएवढी काळी चिप, पाच पाय.]

ही एलएम १८७५, आपली पॉवर चिप. जपानच्या ४७ लॅबोरेटरीने १९९९ साली गेनकार्ड नावाचा महागडा ॲम्प्लिफायर काढला, त्यात याच घराण्यातली एलएम ३८७५ होती आणि सोबत मोजके सुटे भाग. ते बघून जगभरच्या हौशी मंडळींनी सोल्डरिंग गन हातात घेतली. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत फिरलात तर हे सगळं सामान मिळतं. फक्त चिप घेताना भाव फारच कमी सांगितला तर सावध राहा. माझी पहिली जोडी नकली निघाली. एक चिप पहिल्याच संध्याकाळी फुटली आणि सोबत स्पीकरही गेला.

ट्रान्सफॉर्मरवर मात्र कंजुषी करू नका. मी १५-०-१५ व्होल्टचा, म्हणजे मधल्या वायरच्या दोन्ही बाजूंना १५-१५ व्होल्ट देणारा, ३ ॲम्पिअरचा घेतला. बरेच जण १८-०-१८ सुचवतात, कारण वॉट जास्त मिळतात. पण हिशोब करून बघा. १८ व्होल्ट एसीचे डीसी झाल्यावर साधारण २५ होतात. लोड नसला की ते चढतात, आणि रात्री लाईनच २५० ला गेली की आणखी चढतात. प्लस आणि मायनस दोन्ही बाजू मिळून ६० व्होल्ट ही या चिपची शेवटची मर्यादा आहे, तीच ओलांडली जाते. १५ वर दोन्हीकडे २० व्होल्ट मिळतात, ८ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येकी १५ वॉटच्या आसपास. २५ वरून २० वर आलो म्हणजे आवाजात गमावले २ डेसिबलसुद्धा नाहीत. घरातल्या खोलीत हा फरक कुणाला सांगूनही कळणार नाही.

उष्णतेचाही हिशोब करा. सगळ्यात वाईट परिस्थितीत दोन्ही चिप मिळून २५ वॉटच्या वर उष्णता टाकतात. त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचे दोन हीट सिंक घेतले.

[जवळून: चिमट्यात धरलेली अभ्रकाची पातळ चकती.]

इथे घाई नको. या चिपच्या पाठीचा पत्रा आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. तो थेट हीट सिंकला आणि हीट सिंक डब्याला टेकला, की सरळ शॉर्ट. म्हणून मध्ये अभ्रक, दोन्ही अंगांना हीट सिंक पेस्टचा पातळ थर, आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एक प्रोब चिपच्या पत्र्याला, दुसरा हीट सिंकला लावायचा. बीप वाजला तर सगळं खोलून परत.

पहिल्यांदा करंट देताना सिरीजमध्ये ६० वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब लावा. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण काही जळायच्या आत ते कळलं. आणि तीन पिनांचाच प्लग, अर्थिंगची वायर डब्याच्या पत्र्याला पक्की. यात सूट नाही.

[आवाज: घूंऽऽ]

आता हे हमिंग. आपली लाईन ५० हर्ट्झची. एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर तिच्या प्रत्येक लहरीचे दोन्ही अर्धे भाग वापरतो, म्हणून वीज साठवून ती सपाट करणारे कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतात. हा आवाज १०० चाच आहे, थोडा खरखरीत. म्हणजे तो बाहेरून आलेला नाही.

४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर मी डब्याच्या दोन कोपऱ्यांत बसवले होते, जागा तिथे होती म्हणून. त्यांना जोडणारी ही वीतभर काळी वायर. भरण्याचे सगळे झटके हिच्यातूनच जातात. इनपुटची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची वायर, मी एका टोकाला लावली होती आणि चिपच्या फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग चिपला परत देणाऱ्या जोडणीची, दुसऱ्या. वायरचा रेझिस्टन्स जेमतेम ५ मिलिओहम. पण १ ॲम्पिअरचा झटका आला की टोकांमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. चिपला वाटतं हाच सिग्नल, आणि ती त्याला २१ पट करते. स्पीकरवर ०.१ व्होल्ट. तोच आपण ऐकतोय.

याला नवा पार्ट लागत नाही. कपॅसिटर शेजारी-शेजारी आणले. त्यांच्या मधल्या जोडापासून एक आखूड वायर बाहेर काढली आणि तिच्या टोकाला एक टॅग लावला. इनपुट, फीडबॅक, स्पीकरची परतीची वायर, प्रत्येक ग्राउंड स्वतंत्रपणे त्या एकाच टॅगवर आणून सोल्डर केली. संध्याकाळ त्यातच गेली.

[दृश्य: स्विच चालू. लाल दिवा लागतो. स्पीकरच्या जाळीला टेकवलेला कान.]

व्हॉल्यूम शून्यावर आहे. आता पूर्ण फिरवतोय.

फक्त पंख्याचा आवाज येतोय, छतावरच्या.