शेवटचे विमान, शेवटची बस

(दृश्य: संधिप्रकाश. धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन रांगा. उतरणारे विमान.)

मध्यम आकाराच्या शहराचा विमानतळ वरून पाहिला, की बहुधा एकच लांब धावपट्टी आणि तिच्या कडेला एकच इमारत दिसते. भोवती शेतजमीन, गोदामे किंवा मोकळे माळरान असते. कारण जेट विमानांना साधारणपणे दोन-अडीच हजार मीटरची धावपट्टी लागते, तिच्या दोन्ही टोकांच्या पुढे उंच बांधकाम चालत नाही आणि एवढी सपाट, मोकळी जागा वस्तीच्या आत मिळणे अवघड असते. त्यामुळे विमानाची चाके जमिनीला टेकली, तरी प्रवासी शहरात पोहोचलेला नसतो. उरलेले दहा, पंधरा किंवा वीस किलोमीटर कोणत्या वाहनाने जायचे, हे महानगरात ज्याच्या त्याच्या आवडीवर आणि खिशावर अवलंबून असते. मध्यम शहरात ते बरेचसे घड्याळ ठरवते.

हे अंतर दहाच किलोमीटरचे आहे ना, याची खात्री मात्र तिकीट काढतानाच करून घ्यावी. विमानतळाला एका शहराचे नाव असते आणि जागा भलतीकडेच असते, असे घडते. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, तर पॅरिसचे नाव लावणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. दोन शेजारच्या शहरांत मिळून एक विमानतळ असला, तर नाव एकाचे आणि पायपीट दुसऱ्याची, असा प्रकार होतो. तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी संकेत नकाशात शोधून पाहायला अर्धे मिनिट पुरते.

(दृश्य: आगमन कक्ष. सामानाचा पट्टा अजून थांबलेला.)

लहान टर्मिनलचे सुख असे, की विमानापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत चालत पाच मिनिटांत पोहोचता येते. आंतरराष्ट्रीय उड्डाण असेल, तर पारपत्र आणि सीमाशुल्क तपासणीचा वेळ त्यात मिळवावा लागतो. उतरल्यापासून ४५ मिनिटांत सर्वसाधारण प्रवाशांची तपासणी पुरी व्हावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या नवव्या परिशिष्टात केलेली आहे. पण ती शिफारस आहे, हमी नव्हे. पुढच्या बसचे गणित मांडताना विमान उतरण्याची वेळ धरणारे येथेच फसतात. धरायची असते ती दारातून बाहेर पडण्याची वेळ.

पट्टा सुरू होतो, बॅगा येऊ लागतात आणि थोड्या वेळाने तोच पट्टा रिकामा फिरत राहतो. आपली बॅग आली नसेल, तर बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी नोंद करून घेणे शहाणपणाचे ठरते. चेक-इनच्या वेळी मिळालेल्या चिकटपट्टीवरचा दहा अंकी क्रमांक तेव्हा कामाला येतो; त्यात विमान कंपनीचा संकेत आणि त्या बॅगेचा स्वतःचा क्रमांक असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते आणि उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत.

(दृश्य: बाहेरचा रस्ता. टॅक्सींची रांग.)

बाहेरचा रस्ता एका तासात दोन रूपे घेतो. एटीआर ७२ जातीच्या विमानातून सत्तरेक प्रवासी उतरतात, ए३२० मधून १८० च्या आसपास. अशी दोन विमाने वीस मिनिटांच्या अंतराने आली, की अडीचशे माणसे एकाच पदपथावर गोळा होतात आणि त्यानंतर तास-दीड तास तेथे चिटपाखरूही नसते. टॅक्सीचालकांना हे वेळापत्रक तोंडपाठ असते. विमानाच्या आधी दहा मिनिटे रांग लागते आणि गर्दी ओसरताच मोडते. पंधरा किलोमीटर जाऊन परत यायला टॅक्सीला पाऊण तास ते तासभर लागतो. म्हणजे हातातली पिशवी घेऊन सर्वांत आधी बाहेर पडलेल्या प्रवाशाला जी टॅक्सी मिळाली, तिचीच वाट शेवटची बॅग उचललेला प्रवासी पाहत उभा असतो.

भाड्याचे प्रकार तीन: मीटरप्रमाणे, विभागवार ठरलेले, किंवा आगाऊ भरून पावती घेण्याचे. ‘टॅक्सी’ हा शब्दच मुळी टॅक्सीमीटर या यंत्राच्या नावाचा तुकडा आहे. वाहनाला नाव त्याच्या हिशेबनिसावरून मिळाले. कोणता प्रकार लागू आहे हे पाटीवर वाचावे. पाटी नसेल, तर बसण्यापूर्वी विचारावे. आतून आपण होऊन सामानाला हात घालणारा माणूस बहुतेक वेळा अधिकृत रांगेतला नसतो.

अ‍ॅपवरून बोलावलेली गाडी अनेक विमानतळांवर दारापाशी येत नाही, तिला वाहनतळातील नेमलेली जागा दिलेली असते. तेथवर ट्रॉली ढकलत जावे लागते आणि काळोखात गाडीचा क्रमांक जुळवून पाहावा लागतो. दोन विमानांची गर्दी एकदम झाली, की याच गाड्यांचे भाडे चढते. पंधरा-वीस मिनिटे थांबले, तर पुष्कळदा उतरतेही. हॉटेलची गाडी हा सोपा मार्ग वाटतो, पण ती आदल्या दिवशी कळवल्याशिवाय येईलच असे धरून चालू नये.

(दृश्य: बसथांब्यावरचे वेळापत्रक. कॅमेरा खालच्या ओळीकडे सरकतो.)

बसथांबा शोधावा लागतो. तो बहुधा वाहनतळाच्या पलीकडे, पाटीवरच्या बाणाने नीट न दाखवलेला असतो. काचेमागचे हे वेळापत्रक पाहा. सकाळच्या ओळी दाट आहेत, दुपारी आकडे विरळ होत जातात आणि संध्याकाळनंतर दोन फेऱ्यांमध्ये तासाभराची फट पडते. सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, सुट्टीच्या दिवसाचे वेगळे कोष्टक आहे. बस हा सर्वांत स्वस्त पर्याय असतो; दिवसा उतरणाऱ्या आणि एकच बॅग असणाऱ्या प्रवाशाने दुसरा विचार करण्याचे फारसे कारण नाही, असे आमचे मत झाले आहे. मात्र ती मुख्य बसस्थानकावर किंवा रेल्वे स्थानकावर सोडते, तेथून पुढची सोय आपली आपण करायची असते. आणि शेवटच्या विमानासाठी शेवटची बस थांबतेच, असे नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची इमारत १९३६ मध्येच भुयारी वाटेने रेल्वे स्थानकाला जोडलेली होती. हीथ्रोपर्यंत भूमिगत रेल्वे १९७७ मध्ये पोहोचली. दिवसभर हजारो प्रवाशांची ये-जा असल्याशिवाय स्वतंत्र मार्गाचा खर्च परवडत नाही, म्हणून मध्यम शहरात रेल्वे लाभते ती जुना मार्ग विमानतळाच्या शेजारून जात असेल तरच.

स्वतः चालवण्यासाठी भाड्याने गाडी घ्यायची, तर आरक्षणात विमानाचा क्रमांक नोंदवावा. उशीर झाल्याचे खिडकीवरच्या माणसाला त्यावरूनच कळते. गाडी ताब्यात घेताना ओरखडे, टायर आणि इंधनाचा काटा यांची छायाचित्रे काढावीत. अनामत रक्कम अडकून राहते, ती केव्हा सुटेल हे तेथेच विचारून घ्यावे.

(दृश्य: रात्र. आगमनाचा फलक. शेवटच्या ओळीतील वेळ बदलते.)

शेवटचे विमान पन्नास मिनिटे उशिरा येणार आहे. फलकावरचा हा एक आकडा बदलताच बाहेरची सगळी मांडणी बदलते. शेवटची बस वेळेवर सुटते. भाड्याच्या गाड्यांच्या खिडकीतला माणूस आरक्षणांची यादी पुन्हा पाहतो, क्रमांक नोंदवलेल्या दोघांसाठी थांबायचे ठरवतो आणि बाकीचे दिवे मालवतो. रांगेतल्या सहा टॅक्सींपैकी चार शहराकडे वळतात. उरलेल्या दोघांतला एक चालक आसन मागे रेलून डोळे मिटतो. दुसरा हातात नावाची पाटी घेऊन आत येतो, फलकाकडे पाहतो आणि दारासमोरच्या बाकावर पाटी उलटी ठेवून बसतो.