साइज कमांड: तुमच्या बाइनरीतली जागा नेमकी कोण खातंय?

नमस्कार मंडळी! प्रोग्रॅम कंपाइल होऊन बाइनरी, म्हणजे चालवता येणारी फाइल, तयार झाली, तुम्ही फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस डॅश एल' मारलं आणि फाइलचा आकडा समोर आला. आकडा खरा आहे, पण तो डिस्कवरचा. प्रोग्रॅम चालू झाल्यावर मेमरीत किती जागा अडवेल, किंवा मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरणांतल्या छोट्या संगणक-चिपच्या) फ्लॅशमध्ये, म्हणजे कायम टिकणाऱ्या मेमरीत, मावेल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी 'साइज' नावाची एक छोटी कमांड आहे. ती जीएनयू बिनयूटिल्स या टूलसंचाचा भाग आहे, त्यामुळे लिनक्सवर जीसीसी कंपायलर असेल तर ती तुमच्याकडे आधीच आहे.

(स्क्रीनवर टर्मिनल)

साइज, मग फाइलचं नाव, एंटर. वर मथळे, खाली आकडे: टेक्स्ट, डेटा, बीएसएस, डेक, हेक्स.

टेक्स्ट म्हणजे मशीन कोड. पण नुसता कोड नाही हं! कॉन्स्ट तक्ते, अवतरणचिन्हांतल्या स्ट्रिंग, असा फक्त वाचायचा डेटाही साइज याच रकान्यात धरते. त्यामुळे टेक्स्ट फुगला की लगेच फंक्शनांवर संशय घेऊ नका, कुणीतरी भलंमोठं लुकअप टेबल आत घातलेलं असू शकतं. डेटा म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेली ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल. आणि किंमत दिलीच नाही, किंवा शून्य दिली, तर ती जातात बीएसएसमध्ये.

हे नुसतं ऐकून डोक्यात बसत नाही, म्हणून करूनच बघू. सी मध्ये एक ग्लोबल अ‍ॅरे घ्या, इंट प्रकारचा, दहा लाख घरांचा. मेन रिकामं. एक इंट चार बाइटचा, म्हणजे अ‍ॅरे ४० लाख बाइटचा. कंपाइल करा. एलएस काय म्हणतं? पंधरा-सोळा हजार बाइट. साइज काय म्हणते? बीएसएस चाळीस लाखांच्या जरासं वर. अ‍ॅरे आहे, पण फाइलमध्ये नाही! कारण शून्यं साठवून ठेवायची गरजच नाही. 'एवढी जागा लागेल' इतकी नोंद फाइलमध्ये असते, आणि प्रोग्रॅम लोड होताना ऑपरेटिंग सिस्टिम ती जागा शून्यांनी भरलेली देते.

आता त्याच अ‍ॅरेच्या पहिल्या घरात एक हा आकडा टाका. बाकी काही बदलू नका. पुन्हा कंपाइल, पुन्हा साइज. बीएसएस जवळजवळ रिकामा, डेटा चाळीस लाखांवर, आणि फाइलसुद्धा तेवढीच फुगली. एका आकड्यापायी उरलेली ९,९९,९९९ शून्यं डिस्कवर लिहिली गेली. असा अ‍ॅरे दिसला तर पहिलं घर मेनमध्ये भरा, झालं काम.

डेक आणि हेक्स हे रकाने म्हणजे तिन्हींची बेरीज, एकदा दशमान पद्धतीत आणि एकदा सोळामान पद्धतीत. माझं विचाराल तर या बेरजेकडे बघूच नका. त्यात बीएसएस आहे, म्हणून ती फाइलचा आकार नाही. त्यात कोड आहे, म्हणून मायक्रोकंट्रोलरवर ती रॅमचाही आकडा नाही. तिथे हिशोब दोनदा करायचा: टेक्स्ट अधिक डेटा म्हणजे फ्लॅश, डेटा अधिक बीएसएस म्हणजे रॅम. डेटा दोन्हीकडे मोजायचा, कारण सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये राहतात आणि चालू होताना रॅममध्ये उतरवल्या जातात.

आर्डुइनो उनो आर३ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. त्यावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये फ्लॅश ३२ केबी, पण रॅम फक्त २ केबी, म्हणजे २,०४८ बाइट. तिथली कमांड 'एव्हीआर-साइज'. डेटा आणि बीएसएस मिळून १,९०० झाले तरी कंपायलर तुम्हाला अडवणार नाही. पण स्टॅकला, म्हणजे फंक्शन चालताना लागणाऱ्या तात्पुरत्या जागेला, दीडशेच्या आसपास बाइट उरले, आणि 'साइज' कमांडच्या आकड्यांत हा स्टॅक कुठेच दिसत नाही. मग बोर्ड अधूनमधून आपोआप रीसेट होतो आणि आपण वायरी तपासत बसतो. आणखी एक गंमत: या चिपवर साध्या स्ट्रिंग टेक्स्टमध्ये नाही, डेटामध्ये जातात, म्हणजे रॅम खातात. सिरियल प्रिंटमधला मजकूर 'एफ' मॅक्रोत गुंडाळायला सांगतात तो याचसाठी, मग तो फ्लॅशमध्येच राहतो.

पुन्हा मोठ्या मशीनवर येऊ. डिबगची (चुका शोधायला लागणारी) माहिती जोडणारा 'डॅश जी' पर्याय लावून कंपाइल केलं की फाइल कितीतरी पटींनी वाढते, पण साइजचे आकडे तसेच. डिबगची माहिती प्रोग्रॅम चालताना मेमरीत येत नाही, म्हणून साइज ती तिन्ही रकान्यांत धरत नाही. ती बघायची असेल तर 'साइज डॅश कॅपिटल ए' द्या. मग फाइलचा प्रत्येक सेक्शन, म्हणजे विभाग, वेगळ्या ओळीत दिसतो, 'डॉट डिबग'ने सुरू होणारेसुद्धा. 'स्ट्रिप' ही कमांड चालवली की हे सगळं उडतं. फाइल एकदम बारीक होते, पण मेमरीत काहीही वाचत नाही. कुणी 'स्ट्रिप केलं, आता रॅम कमी लागेल' म्हणालं तर त्याला हे दाखवा.

बरं, टेक्स्ट फुगलाय एवढं कळलं, पण फुगवला कुणी? इथे साइज थांबते आणि 'एनएम' ही कमांड लागते. ही जुनी मंडळी आहेत बरं का, एनएम आणि स्ट्रिप दोघंही १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये आहेत. एनएमला 'डॅश डॅश साइज-सॉर्ट', 'डॅश कॅपिटल एस' आणि 'डॅश कॅपिटल सी' द्या. सगळी सिम्बॉल, म्हणजे फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं, आकाराने लहानापासून मोठ्यापर्यंत येतात, म्हणजे खरे गुन्हेगार शेवटी, टर्मिनलच्या तळाशी, आयते डोळ्यांसमोर. आकडे सोळामान पद्धतीत नको असतील तर 'डॅश टी डी' जोडा. सी प्लस प्लस असेल तर एकच टेम्पलेट फंक्शन वेगवेगळ्या टाइपसाठी परत परत आलेलं इथे हमखास सापडतं. फक्त हे स्ट्रिप करण्याआधी करा, नंतर एनएम 'सिम्बॉलच नाहीत' म्हणून हात वर करते.

आणि कालची आवृत्ती लहान होती, आजची मोठी झाली, असं असेल तर गूगलमधून आलेलं ओपन सोर्स टूल 'ब्लोटी' वापरा. फाइलमधली जागा आणि मेमरीतली जागा ते दोन वेगळ्या रकान्यांत दाखवतं, जे साइज करत नाही. आधी नवी फाइल, मग दोन डॅश, मग जुनी फाइल. कोणता सेक्शन किती वाढला, किती घटला, ते येतं. 'डॅश डी सिम्बॉल्स' दिलं तर थेट फंक्शनांची नावं. बाइनरी स्ट्रिप केलेली असली तरी चालतं, पण मग त्याच बिल्डची न स्ट्रिप केलेली प्रत 'डीबग-फाइल' या पर्यायातून द्यावी लागते. म्हणून रिलीज करताना ती प्रत जपून ठेवा.