नाण्यासोबतची चिठ्ठी

श्रोतेहो, नमस्कार.

नाशकात राहणाऱ्या माणसाला रोमन नाण्यांचा नाद आहे म्हटलं की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. कुठं रोम आणि कुठं गोदावरी! पण हे अंतर व्यापाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच कापलं होतं. मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्राकडून निघालेली जहाजं भडोच बंदराला लागत आणि पैठणचा, तेरचा माल बैलगाड्यांवर लादून तिथं पोचे. त्या काळातल्या एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं आपल्या टिपणात भडोचबद्दल लिहून ठेवलंय, की सोन्याचांदीची रोमन नाणी इथं आणावीत, स्थानिक नाण्यांशी बदलताना चार पैसे सुटतात. तिकडे रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक कुरकुर करत होता, की हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक दिनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, होत असे. म्हणजे वर्षाला सव्वा कोटी चांदीची नाणी!

त्यातलं एक नाणं आज तुम्हाला नीट दाखवायचंय. रेडिओवर दाखवायचं म्हणजे सांगूनच.

चांदीचं, पावणेचार ग्रॅमच्या आसपासचं नाणं. दर्शनी बाजूला पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा उजवीकडे पाहणारा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट, आणि कडेनं लॅटिन अक्षरं. त्या अक्षरांत त्याला ‘राष्ट्रपिता’ म्हटलंय. ही पदवी त्याला इसवी सनापूर्वी २ मध्ये मिळाली, म्हणजे नाणं त्याच्या आधीचं नाही. आता उलटं करा. अंगावर टोगा घेतलेले दोन तरुण समोर तोंड करून उभे आहेत, मध्ये दोन ढाली टेकवलेल्या, ढालींमागे दोन भाले. वर पूजेची पळी आणि पुरोहिताची वाकडी काठी. हे गायस आणि लुसियस. ऑगस्टसच्या मुलीची ही मुलं, त्यानंच दत्तक घेतलेली. माझ्यानंतर राज्य यांचं, असं तो या नाण्यातून सगळ्या साम्राज्याला सांगत होता. लुसियस इसवी सन २ मध्ये गेला, गायस ४ मध्ये. वारस राहिले फक्त नाण्यावर, आणि गादीवर आला टायबेरियस.

हे नाणं फ्रान्समधल्या लियाँच्या टांकसाळीत पाडलेलं. ते आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेत, घड्याघड्यांनी सापडलंय. त्याच्या जोडीला टायबेरियसचं नाणं. पुढं इसवी सन ६४ मध्ये नीरोनं दिनारियसचं वजनही कमी केलं आणि चांदीत भेसळही वाढवली. आपल्याकडे मात्र ढीग सापडतात ते जुन्या, चोख नाण्यांचे. इथल्या सराफांना कस कळत होता, हे मानायला मला अजिबात जड जात नाही.

यातल्या कितीतरी नाण्यांवर छिन्नीचा घाव असतो. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये सोन्याची ५०१ रोमन नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच आडवा घाव आहे. कुणी म्हणतं, आत दुसरा धातू नाही ना हे तपासायला. कुणी म्हणतं, परक्या राजाचा शिक्का रद्द करायला. वाद मिटलेला नाही. पण घाव दिसला की ‘खराब माल’ म्हणून नाणं बाजूला सारणारे संग्राहक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं. अहो, तो घाव हीच तर त्या नाण्याची हिंदुस्थानातली हकिगत! चेहरा कोरला रोमच्या कारागिरानं, पण तो घाव घातला आपल्याकडच्या हातानं.

महाराष्ट्रात मात्र रोमन नाणी दक्षिणेच्या मानानं फारच थोडी मिळतात. ती वितळवून इथल्या क्षत्रप राजांनी आपली चांदीची नाणी पाडली असावीत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. या क्षत्रपांतला मोठा राजा नहपान. आमच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात नाण्यांचा चक्क भावच दिलाय. एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, चांदीचे पस्तीस कार्षापण, म्हणून दोन हजार सुवर्णांचे सत्तर हजार कार्षापण. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, ठेवलेल्या ठेवी आणि त्यांचं दरमहा शेकडा व्याजही तिथं कोरलेलं आहे. नाण्यांची गोडी असलेल्यानं हा लेख एकदा तरी भिंतीपाशी उभं राहून पाहावा.

आणि आता जोगळटेंभी. नाशिकजवळ गोदाकाठचं हे गाव. १९०६ मध्ये तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. भाषा मात्र प्राकृत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत नाव. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या! यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरूनच, दुसरे ठसे मारलेले निघाले. तीन कमानींचा डोंगर, अधिक चिन्हाच्या चार टोकांना वर्तुळं असलेलं उज्जैन चिन्ह, आणि नाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं.

या गौतमीपुत्राची आई बलश्री. तिचाही लेख पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात आहे. माझ्या लेकानं क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं ती त्यात म्हणते. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. आता आईनं लेकाचं केलेलं कौतुक म्हणून कुणी ते सोडून दिलं असतं. पण जोगळटेंभीच्या नाण्यांनी साक्ष दिली. जिंकलेल्या राजाच्या नाण्यांवर जिंकणाऱ्यानं आपला शिक्का हाणला आणि तीच नाणी पुन्हा बाजारात सोडली.

ही साक्ष मिळाली, कारण तो साठा एकत्र पाहिला गेला, मोजला गेला, त्याची नोंद झाली. समजा, सापडल्या रात्रीच तो मुशीत गेला असता. किंवा एकेक नाणं निरनिराळ्या गिऱ्हाइकाला विकलं गेलं असतं. चांदी तितकीच राहिली असती. पण किती नाण्यांवर ठसा होता, किती कोरी होती, सोबत आणखी कुणाची नाणी होती का, हे सांगायला कुणी उरलं नसतं. संग्राहकाचं खरं धन ते हे, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी हरवतं.

माझ्याकडचंच एक नाणं घ्या. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, तांब्याचं, करंगळीच्या नखापेक्षा जरासं मोठं. मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन शिपाई आणि मध्ये लष्करी निशाण. इसवी सन ३३० च्या सुमारास ही छाप निघाली तेव्हा शिपायांमध्ये दोन निशाणं असत. पाच-सहा वर्षांत नाणं आकारानं आणि वजनानं घटलं आणि निशाण एकच उरलं. माझ्या नाण्यावर एकच आहे, त्यावरून त्याचा काळ ठरतो. शिपायांच्या पायाखाली टांकसाळीची खूण आहे, ती अँटिओकची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली. एवढं सगळं नाण्यानं सांगितलं. पण विकणाऱ्याकडे ते सापडलं कुठं याची नोंद नव्हती. अशीच नाणी तमिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या पात्रातही मिळतात. माझं नाणं सीरियातल्या शेतातून आलं की करूरच्या वाळूतून? करूरहून आलं असेल, तर त्याच्यामागे समुद्रावरचा अख्खा प्रवास आहे. तो आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पाच ओळींची चिठ्ठी कुणीतरी फेकून दिली, तिच्याबरोबर तो प्रवासही गेला.

ज्यांना हा छंद सुरू करायचाय त्यांनी म्हणूनच आधी वाचायला शिकावं, मग विकत घ्यावं. रोमन नाण्यांवरची अक्षरं वाटतात तितकी अवघड नसतात. तेच दहा-बारा संक्षेप पुन्हा पुन्हा येतात. सम्राटाचं नाव, पदव्या, कितव्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला ते. ट्राजनच्या नाण्यावर पाचव्यांदा कॉन्सल असं असेल, तर ते इसवी सन १०३ ते १११ मधलं, बस्स! रोमन सम्राटांच्या नाण्यांची चित्रांसह यादी आता इंटरनेटवर फुकट पाहता येते. आणि रोमन नाणीच हवीत असंही नाही. शिवराईपासून सुरुवात करा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. तिच्या अक्षरांच्या वळणात इतके प्रकार आहेत, की भिंग घेऊन बसलात तर संध्याकाळ कशी गेली कळणार नाही.

एक कळकळीची विनंती. जुनं नाणं हातात आलं की चिंच, लिंबू, पितांबरी यांच्याकडे धावू नका. तांब्यावर शतकानुशतकं चढलेला तो हिरवा-काळसर थर नाण्याला सांभाळतो, अक्षरंही बऱ्याचदा त्याच थरात टिकलेली असतात. घासून चकचकीत केलेलं नाणं पारखी माणूस हातातही घेत नाही. नाणं कडेनं धरावं, नरम प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवू नये, आणि छोटा वजनकाटा जवळ असावा. बनावट नाणी बहुतेक साच्यात ओतलेली असतात. भिंगातून पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कडेला जोडाची रेघ दिसते, आणि वजन बरेचदा तिथंच खोटं पडतं.

कायदाही माहीत असू द्या. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं. ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. तेव्हा परवानाधारकाकडूनच घ्या, पावती घ्या. इंग्लंडमध्ये शेतात नाणी शोधणारे हौशी लोक सापडलेल्या वस्तूची आणि जागेची नोंद १९९७ पासून एका सार्वजनिक योजनेत करतात. आपल्याकडे असं काही उभं राहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

तोवर आपल्यापुरतं आपण करू. नाशिकहून त्र्यंबकला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, तिथं मुलांना घेऊन जा. आणि घरी आजीच्या डब्यात एखादं जुनं नाणं निघालं, तर आधी आजीला विचारा, हे आलं कुठून. कुठल्या गावचं, कुणी दिलं, त्याबरोबर आणखी काय होतं. तिच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला, आणि ती चिठ्ठी नाण्याबरोबरच ठेवा.

नमस्कार.